उघड्या दाराची किंमत : शारदा सदन, पुणे, १८९३

पुण्यातलं एक मोठं घर. सकाळची वेळ. एक बाई आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला जवळ घेऊन पवित्र शास्त्र वाचते आहे, मग दोघी प्रार्थना करतात. खोलीचं दार उघडं आहे. त्याच घरात बऱ्याच मुली राहतात, त्यातल्या पुष्कळशा बालविधवा. त्यांच्यापैकी काही जणी दारापर्यंत येतात, काही आत येऊन बसतात. बाई कोणाला बोलावत नाही, आणि आलेल्या कोणाला ‘जा’ही म्हणत नाही.

या एवढ्याशा गोष्टीवरून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. शहरातल्या सर्वात आदरणीय सुधारकांनी त्या बाईंची साथ सोडली, वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी घरी नेलं, आणि चार वर्षं जिवापाड वाढवलेली संस्था राहते की जाते असा प्रसंग आला. बाईंचं नाव पंडिता रमाबाई. संस्थेचं नाव शारदा सदन.

आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) तरुणांच्या अभ्यासगटात मी हे प्रकरण मांडायला घेतलं, त्याला कारण झाला एका मुलीचा प्रश्न. ती रुग्णालयात काम करते. ती म्हणाली, “कोणी विचारलं तर मी ख्रिस्ती आहे एवढंही सांगायची आता भीती वाटते. सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, तुम्ही लोक धर्म बदलायला लावता ना?” खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. काही राज्यांत धर्मांतराविषयी कडक कायदे आहेत, प्रार्थना सभांवर संशयाने पाहिलं जातं, आणि घरातली वडीलधारी माणसं प्रेमाने सांगतात, “बाळा, गप्प राहा, उगाच कशाला.” अशा दिवसांत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? मला वाटतं, या प्रश्नाशी आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत सर्वात प्रामाणिकपणे कोणी झुंजलं असेल तर ते रमाबाईंनी. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहायचं.

ही बाई कोण होती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि पुढे लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरलं. १८७० च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण भुकेने आणि आजाराने गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत शेवटी १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. मग भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला.

त्याच वर्षी रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज निघाला. महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या मंडळींचा त्याला आधार होता. रानड्यांच्या पत्नी रमाबाई आणि या रमाबाई एकाच बाईंकडे इंग्रजीचे धडे गिरवत. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवायला हवं: १८९३ साली ज्यांनी पाठ फिरवली ते परके नव्हते, अकरा वर्षांपूर्वी ज्यांच्या ओसरीवर त्यांचं स्वागत झालं होतं तीच ही माणसं होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या जोगिणींच्या आश्रमात राहत असताना त्यांना लंडनजवळ फुलहॅमचं काम दाखवलं गेलं. ज्या बायकांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलं होतं, त्यांची सेवा तिथे प्रेमाने चालली होती. रमाबाईंनी असं काही आजवर पाहिलं नव्हतं. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरची ती एकटी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू येशू. रमाबाईंनी स्वतः नोंदवून ठेवलंय की त्या क्षणी त्यांना ख्रिस्त कोण हे जाणवलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे एक गोष्ट आपल्या मंडळ्यांमध्ये फारशी सांगितली जात नाही. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. देशातल्या पुरोहितांच्या जोखडातून कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि त्याच काळात पुण्यात जोतिराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, हेही ध्यानात ठेवावं. तेव्हाच्या पुण्यात ते धाडसाचं काम होतं.

वचन काय होतं

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षं व्याख्यानं देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा आणि घर काढायचं, हे एकच स्वप्न. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. संस्थेचा खर्च दहा वर्षं उचलायची हमी तिने दिली. अट एकच होती: शाळा कोणत्याही पंथाची असणार नाही. मुलींवर धर्माचं कसलंही बंधन नाही, त्यांनी आपापला धर्म पाळावा. शिकवण्यात धर्मप्रचार नाही.

रमाबाईंनी ही अट मनापासून मान्य केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, आणि १८९० च्या अखेरीला ते पुण्याला आलं. सल्लागार मंडळात रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. सदनात ब्राह्मण स्वयंपाकी होता, मुलींचं सोवळंओवळं पाळलं जाई, ज्यांना पूजा करायची त्या पूजा करत. स्वतः रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या, पांढऱ्या साध्या वस्त्रात राहिल्या. त्यांच्याकडे पाहून कोणाला ‘मडम’ म्हणता आलं नसतं.

पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक होती गोदूबाई. अगदी लहानपणी विधवा झालेली, भावाने धीर करून सदनात आणलेली. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, सदनातच वाढलेल्या या गोदूबाईचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. विधवेचं लग्न! पुण्याच्या सनातनी मंडळींना सदनाविषयी जो राग होता त्याला या लग्नानेही फोडणी मिळाली. म्हणजे १८९३ च्या वादळामागे केवळ धर्मांतराची भीती नव्हती, विधवेने मान वर करून जगावं याचाच राग होता. तो वेगळा करून पाहिला नाही तर प्रकरण अर्धवट कळतं.

आणखी एक बाजू आहे, तिने मला नेहमीच चटका लावलाय. या काळात रमाबाईंना मिशनरींचाही आधार नव्हता. ज्या शाळेत पवित्र शास्त्र शिकवत नाहीत ती कसली ख्रिस्ती बाईची शाळा, अशी टीका त्यांच्यापैकी कित्येकांनी केली. पुण्यातल्या वर्तमानपत्रांना त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि मिशनच्या मंडळींना पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. दोन्हीकडून दार लागत असताना माणूस काय करतो?

अटी त्याच राहिल्या, माणूस बदलला

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येतो.

रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलंय की, बाप्तिस्मा घेऊन कित्येक वर्षं झाली तरी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. साधारण १८९१ च्या सुमाराला हे बदललं. तारण हे आपल्या ज्ञानाने, आपल्या पुण्याईने मिळत नाही, ते प्रभूने दिलेलं दान आहे, हे त्यांना आतून उमगलं. ज्या बाईने पुराणांतले हजारो श्लोक तोंडपाठ सांगितले होते, युरोप-अमेरिकेत सभा जिंकल्या होत्या, तिला पापी म्हणून रिकाम्या हाताने प्रभूपुढे उभं राहण्यात आनंद सापडला.

म्हणजे १८८७ मध्ये बोस्टनला ज्या बाईने तटस्थतेचं वचन दिलं, तिचा विश्वास प्रामाणिक होता पण शांत होता. १८९१ नंतर तोच विश्वास पेटला. वचनातला शब्द जागच्या जागी राहिला, वचन देणारी व्यक्ती पुढे गेली. मला हा प्रश्न फार खरा वाटतो, कारण तो आपल्यापैकी अनेकांना पडतो. नोकरीला लागताना, लग्न ठरवताना, भाड्याने घर घेताना आपण न बोलता काही गोष्टी कबूल करून टाकतो. मग विश्वास वाढतो. तेव्हा काय करायचं? वचन मोडायचं की विश्वास कोंडायचा?

रमाबाईंनी दोन्ही केलं नाही. वर्गात त्यांनी धर्म शिकवला नाही. मुलींना बोलावून उपदेश केला नाही. पण आपली रोजची प्रार्थना, आपलं वाचन, मनोरमेला जवळ घेऊन बसणं त्या पूर्वीसारख्याच करत राहिल्या, आणि खोलीचं दार लावून घ्यायला त्यांनी नकार दिला. माझ्या घरात हिंदू मुलींना पूजेची मोकळीक आहे, तशी मलाही माझ्या प्रार्थनेची आहे. आणि कोणी आपणहून येऊन बसलं तर मी तिला हाकलणार नाही, अशी ही भूमिका होती.

सल्लागार मंडळाला ‘तटस्थ’ या शब्दाचा अर्थ वेगळा दिसत होता. मुलींच्या नजरेला ख्रिस्ती उपासना पडूच नये, त्यांच्यापर्यंत ती पोहोचूच नये, म्हणजे तटस्थता. रमाबाईंच्या मते सक्ती नाही, आमिष नाही, फसवणूक नाही, म्हणजे तटस्थता. एकच शब्द दोन्ही बाजू चार वर्षं वापरत होत्या आणि दोघांच्या मनात दोन वेगळी चित्रं होती. हे प्रकरण वाचताना मला वारंवार वाटतं, १८८९ मध्येच कोणीतरी बसून विचारायला हवं होतं: दार उघडं असलं तर चालेल का?

‘केसरी’ने सदनावर सुरुवातीपासून डोळा ठेवला होता. सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील, अशी शंका त्यात पुन्हा पुन्हा मांडली जाई. आगरकरांच्या ‘सुधारका’ने आरंभी रमाबाईंची बाजू घेतली. बायकांच्या शिक्षणासाठी आपण काही करायचं नाही आणि करणाऱ्या बाईला नावं ठेवायची, याची आगरकरांना चीड होती. पण १८९३ च्या उन्हाळ्यानंतर काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे आहे हे झाकून राहिलं नाही, आणि ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदनाशी संबंध तोडला. सदन उघड उघड धर्मांतरासाठी चालणार असेल तर आमचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं त्यांनी कळवलं. ते छापून आलं. पालक धावत आले.

रानड्यांना खलनायक करू नये

आमच्या गटात मी हे मांडलं तेव्हा एक जण चिडून म्हणाला, “म्हणजे सुधारक नुसते नावाचे.” मला हे मान्य नाही, आणि ख्रिस्ती माणसाने तर असं मुळीच म्हणू नये.

रानड्यांच्या जागी उभं राहून बघा. विधवांच्या शिक्षणासाठी मूठभर माणसं आख्ख्या समाजाशी भांडत होती. पालकांनी मुली सदनात पाठवल्या त्या पुष्कळदा या माणसांच्या शब्दावर. आमची मुलगी धर्म सोडणार नाही ना, असा प्रश्न आई-वडिलांनी विचारला तर शब्द रानड्यांना द्यायचा होता. मुली वयाने लहान होत्या, विधवा म्हणून आधीच परक्याच्या दयेवर होत्या, आणि आता ज्या बाईंच्या घरी त्यांना अन्न, वस्त्र आणि शिक्षण मिळत होतं, त्याच बाईंच्या प्रार्थनेला त्या बसू लागल्या होत्या. ‘आपणहून’ हा शब्द अशा ठिकाणी किती भार पेलतो? ज्याच्या घरी आपण जेवतो त्याच्या देवाकडे मन वळणं हे सर्वस्वी आपलंच असतं का?

हा प्रश्न मला टाळता येत नाही. आजही आपल्याकडे वसतिगृहं आहेत, अनाथाश्रम आहेत, दवाखाने आहेत. जिथे देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष आहेत, तिथे साक्ष देणाऱ्याने दहापट जपून वागायला हवं. भाकरी आणि सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, एकाच हाताने देताना, सुवार्ता नाकारली तर भाकरी थांबेल अशी शंकेची सावलीसुद्धा समोरच्याच्या मनावर पडता कामा नये. हे पथ्य मोडलं की आपलं बोलणं साक्ष राहत नाही. त्याचा सौदा होतो, आणि प्रभूच्या नावाने सौदा करणं हे मोठं पाप आहे, असं मी मानतो.

रमाबाई या कसोटीला उतरतात का? माझ्या मते बहुतांशी उतरतात, आणि त्याचा सर्वात बोलका पुरावा गोदूबाई. त्या त्याच घरात राहिल्या, तेच उघडं दार त्यांनी रोज पाहिलं, आणि त्या हिंदूच राहिल्या. कर्व्यांशी लग्न झाल्यावर आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या ‘बाया’, म्हणून त्या ओळखल्या गेल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी पुण्यात आश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला, तेव्हा त्यामागे सदनातून मिळालेलं शिक्षण आणि आत्मविश्वास होता. प्रार्थनेला आल्या नाहीत म्हणून त्यांना कमी प्रेम मिळालं असतं, तर ही गोष्ट अशी घडली नसती. कर्व्यांनी आपला आश्रम कटाक्षाने हिंदू चौकटीत ठेवला, आणि त्यात १८९३ च्या अनुभवाचा वाटा होता हे उघड आहे. सुवार्ता पसरली नाही तरी विधवांचं भलं झालं. याचा आनंद आपल्याला वाटायला हवा. मला वाटतो.

जिथे मी रमाबाईंना थोडं कमी पडलेलं मानतो ती जागा दाराची नाही, कागदाची आहे. १८९१ नंतर आपल्यात काय बदललंय हे त्यांनी वचनाच्या कागदावर आणायला हवं होतं: मी आता अशी आहे, माझं दार उघडं राहील, तुमच्या मुली आत येऊ शकतील, हे मान्य असेल तरच मुलगी ठेवा. हे पालकांपुढे सुरुवातीलाच लखलखीत ठेवलं असतं तर कदाचित काही मुली आल्याच नसत्या. पण ज्या आल्या असत्या त्यांना मध्येच ओढून न्यायची वेळ आली नसती. आपल्या विश्वासाची वाढ आपल्याबरोबर काम करणाऱ्यांपासून झाकून राहू नये. हे मी रमाबाईंना शिकवायला म्हणून लिहीत नाही, त्यांच्यापुढे माझी लायकी काय. पण प्रकरण अभ्यासायचं तर हे म्हणायलाच हवं.

मुली गेल्यानंतरचं घर

ज्या दिवसांत वीस-पंचवीस मुलींची गाठोडी बांधली गेली, त्या दिवसांचा विचार मी पुष्कळदा करतो. त्यातल्या प्रत्येकीला रमाबाईंनी अक्षर शिकवलं होतं. बऱ्याच जणी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात, त्याच केशवपनाच्या धाकात परत जाणार होत्या. दार लावून घेतलं असतं तर त्या राहिल्या असत्या. हा हिशोब रमाबाईंच्या मनात आला नसेल असं कसं म्हणू? आलाच असणार. साक्षीची किंमत नेहमी आपल्याच खिशातून जात नाही. कधी कधी ती आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना भरावी लागते, आणि हेच सर्वात अवघड आहे.

बोस्टनच्या असोसिएशनने चौकशी केली. तिच्या कार्यकारिणीच्या जुडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्याला येऊन सदन पाहून गेल्या. असोसिएशनचा विश्वास रमाबाईंवरच राहिला आणि आर्थिक मदत चालू राहिली. आणखीही काही त्यांना वाचवत होतं. त्यांनी शहराशी भांडण उकरून काढलं नाही. उरलेल्या मुलींना शिकवणं थांबलं नाही, नव्या मुली हळूहळू येऊ लागल्या. आणि त्यांनी दूरचा विचार सुरू केला. बोस्टनची हमी दहाच वर्षांची होती, ती १८९८ च्या आसपास संपणार होती. पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळबाग लावायची, आणि मुलींच्या पोटापाण्यासाठी कोणापुढे हात पसरायला लागू नये अशी व्यवस्था करायची. धीर खचलेला माणूस फळझाडं लावत नाही.

याच काळात लोणावळ्याला ख्रिस्ती शिबिर होतं. रमाबाई तिथे गेल्या. तोवर सदनातल्या पंधरा मुली ख्रिस्ताकडे आल्या होत्या. त्यांनी प्रभूपुढे तो आकडा ठेवला आणि मागणं मागितलं की पुढच्या शिबिरापर्यंत याचा वर्ग कर: पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. हे मागत असताना त्यांच्या मनात शंका आली हेही त्यांनी लपवलेलं नाही. घरात एवढ्या मुलीच नव्हत्या! मग त्यांना यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं वचन आठवलं, परमेश्वराला अवघड असं काही आहे काय. याच सुमारास बारा मुलींचा बाप्तिस्मा झाला, आणि पुण्यात पुन्हा गदारोळ झाला.

अभ्यासगटातल्या त्या मुलीला मी दोन-तीन गोष्टी निदर्शनाला आणून दिल्या, कारण तिला उत्तर हवं होतं, इतिहास नको होता. पहिली, रमाबाईंचं दार. कोणी विचारलं तर लपवायचं नाही, कोणी विचारलं नाही तर अंगावर जायचं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात जे सांगितलंय तेच हे: आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेने द्या. ‘विचारणाऱ्याला’ हा शब्द आपण घाईत वाचून पुढे जातो. पण विचारायचं केव्हा? काही दिसलं तर. रमाबाईंचं आयुष्य असं होतं की मुलींना विचारावंसं वाटलं. दुसरी गोष्ट, कायद्याची. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांवर निकाल दिला. घटनेने दिलेला धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. अनेक ख्रिस्ती लोकांना तो निकाल जाचक वाटतो. माझं मन थोडं वेगळं सांगतं. दुसऱ्याचं मन वळवणं हे आपलं काम कधी नव्हतंच, ते पवित्र आत्म्याचं काम आहे. आपण सांगायचं, आणि सांगण्यासारखं जगायचं. तेवढं करायची मोकळीक अजून आहे, आणि ती वापरायला आपण घाबरतो, हे दुःख आहे.

ती म्हणाली, “पण माझ्या वॉर्डातला पेशंट माझ्यावर अवलंबून असतो. तिथे मी बोलू का?” मी म्हणालो, तिथे रानड्यांचा प्रश्न आधी आठव. औषध देणाऱ्या हाताने त्याच्या असहायतेचा फायदा घ्यायचा नाही. त्याने विचारलं तर खरं सांग. तो बरा होऊन घरी गेल्यावर तुझी आठवण काढेल की नाही, हे प्रभूवर सोड. तिचं समाधान झालं की नाही मला कळलं नाही, पण पुढच्या गुरुवारी ती परत आली.

पंधराचा वर्ग

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना आपलं बालपण आठवलं, रानातला पाला खाऊन काढलेले दिवस, भुकेने गेलेले आई-बाप. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. दुष्काळछावण्यांत मुलींची काय दशा होते, त्यांना कोण कुठे पळवून नेतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हाडांचे सापळे झालेल्या मुली गाड्यांमध्ये बसवून त्यांनी आणल्या. १८९७ पर्यंत त्या सुमारे ३०० झाल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेग होता. इतक्या मुली शहरात ठेवणं अशक्य होतं. मग केडगावच्या त्या मोकळ्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तिथूनच ‘मुक्ती’ या त्यांच्या नव्या संस्थेची सुरुवात झाली. इथे कसलंही धूसर वचन नव्हतं. हे ख्रिस्ती घर आहे, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होतं. १८९३ मध्ये जो गोंधळ झाला त्याला रमाबाईंनी दिलेलं हे उत्तर होतं, असं मी समजतो. पुढे तिथे शाळा झाली, छापखाना झाला, विणकाम झालं, अंध मुलींसाठी वर्ग झाला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं रमाबाईंचं पवित्र शास्त्र, त्या १९२२ मध्ये गेल्यानंतर दोन वर्षांनी, तिथल्याच छापखान्यात छापून निघालं.

पण मला १८९७ च्या त्या तंबूंपाशी थांबायचंय. आणलेल्या मुली नुसत्या भुकेल्या नव्हत्या. त्यांच्या अंगावर जखमा होत्या, केसांत किडे होते, कित्येकींना ताटलीत वाढलेलं हाताने नीट खाण्याचीही सवय राहिली नव्हती. काही मारायला धावत, काही पळून जात. जातीचा पत्ता नाही, भाषा वेगळी. त्यांना न्हाऊमाखू घालायला, रात्री उशाशी बसायला, पहिलं अक्षर गिरवून घ्यायला माणसं हवी होती, आणि पगारावर अशी माणसं मिळत नाहीत.

ते काम करायला सदनातल्या मुली पुढे आल्या. ब्राह्मण घरांत जन्मलेल्या, सोवळ्यात वाढलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या, आणि एखाद्या सकाळी आपणहून एका उघड्या दारातून आत येऊन बसलेल्या.